चवीचा रकाना

वन्संनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद केलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मागच्या खोलीत राहतात आणि जेवायला आमच्यात असतात. मी या घरात आले त्याला तेहतीस वर्षं झाली. या तेहतीस वर्षांत पहिला घास घेऊन त्यांनी "मीठ कमी आहे गं" म्हटलं नाही, असं जेवण मला आठवत नाही. मीठ जमलंच, तर कांदा करपलेला असायचा. कांदाही जमला, तर बटाटा जुना निघायचा. पहिली पाच वर्षं मी रडले, पुढची दहा भांडले आणि नंतर ऐकू येईनासं झालं. आणि एका संध्याकाळी त्या मुकाट जेवल्या, "छान झालंय" म्हणाल्या आणि ताट उचलून गेल्या. आमचे हे म्हणाले, "बघ, उशिरा का होईना, जमलं तुला." त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

पण तिसऱ्या दिवशीही छान, चौथ्या दिवशीही छान. मला दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची सवय आहे, ती मी लपवत नाही. इथे तर भानगड माझ्याच ताटात होती.

वन्संची जीभ म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे. त्यांची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात गेली. चारशे रुग्णांचं जेवण तिथून वॉर्डांत जायचं, आणि त्याआधी प्रत्येक पातेल्यातला पहिला चमचा वन्संच्या तोंडात. लांब दांड्याचा स्वतःचा चमचा त्या कोटाच्या खिशात बाळगायच्या, म्हणून सगळे त्यांना चमचाबाई म्हणत. समोर म्हणायची छाती मात्र कुणाची नव्हती. एकदा साठ लिटर दूध त्यांनी नुसत्या वासावर परत पाठवलं. पुरवठादार तावातावाने भांडायला आला. दुपारपर्यंत दूध नासलं, तेव्हा खाली मान घालून गेला.

निवृत्त झाल्यावर ही जीभ फक्त माझ्यावर चालायला लागली असती तर मी घर सोडून गेले असते. मला वाचवलं फळ्याने.

आमच्या वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर, बसथांब्याकडे तोंड करून, एक मोठा काळा फळा आहे. पूर्वी त्यावर नव्या पुस्तकांची यादी असायची. तीन वर्षांपूर्वी ग्रंथपालबाईंनी तो अकरा जणांच्या मंडळाला दिला. मंडळ म्हणजे ज्यांना कुणी पगार देत नाही आणि तरी ज्यांना वेळ पुरत नाही असे लोक. त्यांचं काम एवढंच, की आसपास कुणाच्या मळ्यात, परसात, गच्चीवर काय पिकलंय याची बातमी लोकांपर्यंत पोचवायची, म्हणजे जवळचं, रसायनांनी जमीन न मारता पिकवलेलं खाणं लोकांना जवळच मिळेल. आसपास म्हणजे किती, यावर दोन बैठका वाया गेल्या. शेवटी सायकल दुरुस्त करणारा म्हणाला, "तासाभरात सायकलने पोचता येतं ते आपलं," आणि तेच ठरलं.

दर शनिवारी सकाळी फळा नव्याने लिहायचा. पाच रकाने: कुणी पिकवलं, कुठे, पाणी कुठलं, कधी तोडलं आणि चव कशी. 'उत्तम', 'शुद्ध', 'अस्सल' हे शब्द बंद. चूक झाली तर पुसायची नाही, तिच्याखाली दुरुस्ती लिहायची आणि दोन्ही आठवडाभर तशीच ठेवायची. फळा लिहून झाला की सायकलवाला त्याचा फोटो काढतो. तो दीडशे फोनांवर जातो, तिथून नदीपलीकडच्या मंडळाकडे, आणि त्यांचा आमच्याकडे येतो. कुठे भोपळे जास्त झालेत, कुणाच्या झाडाखाली फळांचा सडा पडलाय, हे असं गावभर फिरतं.

पाचवा रकाना वन्संचा. बुधवारी त्या मळे फिरायच्या, स्वतः चाखायच्या आणि शनिवारी लिहायच्या. "गाजर: गोड, पण मधला दांडा लाकडी. किसून खा." "पालक: मातीचा वास येतो. आवडणाऱ्यांनाच आवडेल." "टोमॅटो: आठवडाभर थांबा." लोक पाचवा रकाना आधी वाचायचे आणि बाकीचे नंतर. पिकवणारे नाकं मुरडायचे, पण पुढच्या हंगामात वन्संनाच पहिल्यांदा बोलवायचे. ही बाई खोटं लिहिणार नाही, एवढ्या भरवशावर तो फळा उभा होता.

आणि आता हीच बाई माझी भोपळ्याची भाजी छान म्हणत होती.

मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. ह्यांच्यासाठी भाजी वेगळी काढली आणि वन्संच्या वाटीत दोन चमचे मीठ जास्तीचं ढवळलं. मी स्वतः बोट लावून बघितलं तर डोळ्यांत पाणी आलं. वन्सं शेवटच्या घासापर्यंत जेवल्या. "छान झालंय," म्हणाल्या. मग तीन ग्लास पाणी प्यायल्या आणि आज उकडतंय का गं म्हणून विचारलं. मला माझीच लाज वाटली.

तेव्हा आठवलं. दोन महिन्यांपूर्वी त्या सर्दीतापाने दहा दिवस झोपून होत्या. त्यानंतर उठल्या, हिंडायला लागल्या, सवयीने मीठ कमी म्हणणंही काही दिवस चालू राहिलं, आम्ही समजलो बऱ्या झाल्या. पण मग फळा कसा लिहीत होत्या? आणि गंमत म्हणजे त्या दोन महिन्यांत पाचवा रकाना आणखी रंगला होता. "मुळा: आधी काही नाही, मग एकदम नाकात." "मटार: शेंग फोडताना आवाज येतो, तोवर घ्या." लोक थांब्यावर बस सोडून वाचत उभे राहायचे. हे सगळं येत होतं कुठून, ते बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

पुढच्या बुधवारी मी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. पहिला मळा दोघी बहिणींचा. वन्संनी एक गाजर धुतलं, चार तुकडे केले, दोघींना दिले, मला दिला, एक स्वतः घेतला. आम्ही चावत होतो आणि त्या आमच्या तोंडांकडे बघत होत्या, डोळ्यांत तेल घालून. मग धाकटीला विचारलं, "पहिल्या चाव्याला काय आलं?" थोरलीला विचारलं, "गिळल्यावर मागे काय राहिलं?" मला विचारलं, "पुन्हा घ्यावंसं वाटतंय, की पुरे?" असे प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारले नव्हते. आम्ही तिघींनी विचार करकरून उत्तरं दिली. धाकटी तर म्हणाली, "अगं बाई, आमच्या गाजराला शेवटी चक्क थोडा तिखटपणा आहे." इतकी वर्षं पिकवून तिला ते त्या दिवशी कळलं. वन्सं वहीत लिहीत गेल्या.

परतताना मी पुलापर्यंत कळ काढली.

"वन्सं, तोंडाला चव नाही ना?"

त्या चालत राहिल्या. पूल संपल्यावर म्हणाल्या, "दोन महिने झाले. कागद चावल्यासारखं वाटतं सगळं. वासही येत नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. कधी ते सांगत नाहीत."

"मग मंडळात सांगून टाका ना."

"आणि मी तिथे काय करू? खडूची पूड झाडू?" त्यांचा आवाज कापला. तो तसा कापलेला मी आधी एकदाच ऐकला होता, सासूबाई गेल्या तेव्हा. "जीभ गेली की माझ्यापाशी उरतंय काय? तू कुणाला बोलायचं नाहीस."

मी बोलले नाही. एक तर दया आली. दुसरं, आता इतकं सांगितलंच आहे तर हेही सांगते, रोजचं ते "छान झालंय" खोटं आहे हे माहीत असूनही मला ऐकायला बरं वाटत होतं.

त्यानंतरच्या बुधवारी माझी दाढ ठणकत होती, म्हणून मी गेले नाही. नेमक्या त्याच दिवशी वन्सं ड्रायव्हरसाहेबांकडे गेल्या.

ड्रायव्हरसाहेब म्हणजे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. डेपोच्या मागच्या भिंतीलगतचा एक पट्टा त्यांनी मागून घेतलाय, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलंय आणि त्यावर काकड्यांचे वेल चढवलेत. माणूस अबोल. तीस वर्षं आरशात मागचे प्रवासी भांडताना बघून असेल, पण त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. फळ्यावर या म्हणून मंडळ त्यांच्या दोन वर्षं मागे लागलं होतं. "लोक येतील, मला बोलता येत नाही," म्हणून ते टाळायचे. यंदा कसेबसे हो म्हणाले.

शनिवारी फळ्यावर आलं: "काकडी: गोड, पाणीदार. सालासकट खा." रविवारी सकाळी चाळीस माणसं डेपोमागे पोचली आणि दुपारपर्यंत चाळीस घरांत तोंडं वाकडी झाली. काकड्या कडू होत्या. थोड्याथोडक्या नव्हे, जिभेवरून जाता जाईना अशा. फोनवर जो तो लिहायला लागला. कुणीतरी म्हणालं, "निवडून एक गोड काकडी बाईंना चारली आणि कडू आमच्या गळ्यात मारल्या." मग तेच पुढे चालू झालं, नदीपलीकडेसुद्धा. वन्सं चुकल्या असतील हे एकाच्याही मनात आलं नाही. ड्रायव्हरसाहेबांनी पट्ट्याच्या फाटकाला कुलूप लावलं.

मंडळाचा एक नियम होता: खोटी माहिती देणाऱ्याचं नाव वर्षभर फळ्यावर येणार नाही. ग्रंथपालबाईंनी शुक्रवारी चार वाजता बैठक ठेवली.

वन्सं दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. मला मात्र कोडं सुटेना. त्या चव न कळता लिहितात हे मला ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांचं आजवर बरोबर येत होतं. मग इथे कसं फसलं? गुरुवारी मी डेपोमागे गेले. ड्रायव्हरसाहेब कुलपाच्या आत वेलांचे दोर सोडत बसले होते. मला बघून त्यांनी फाटक उघडलं, कारण पाहुण्याला बाहेर उभं ठेवणं त्यांच्याच्यानं होईना.

"वेल काढताय?"

"ठेवून काय करायचं. पट्टा परत देतो डेपोला."

"त्या बुधवारी काय झालं ते मला नीट सांगा."

त्यांनी एकेक शब्द मोजून ठेवावा तसं सांगितलं. "बाई आल्या. पाण्याचं विचारलं. मी सांगितलं, टाकी तीन दिवस तळाला आहे, पाणी कमी पडतंय. मग त्यांनी काकडी कापली. अर्धी मला दिली."

"कडू नाही लागली तुम्हाला?"

"लागली."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी दोराची आणखी एक गाठ सोडवली. "मी काकडी खात नाही हो. मला कच्चं काही आवडत नाही. हे सगळं हिच्यासाठी लावलंय, आणि ही मुलीकडे गेलीय. मला वाटलं, कच्ची काकडी अशीच लागत असेल. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी सगळी खाल्ली, मान डोलावली. आता त्या मान डोलावतात म्हटल्यावर मी कोण बोलणार?"

मी तिथल्या उलट्या बादलीवर बसले. वन्सं त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि ते वन्संच्या. दोघांच्या मध्ये कडू काकडी होती आणि दोघंही सभ्यपणे ती चावत होते.

घरी येऊन मी वन्संना सगळं सांगितलं, गाळलं काही नाही. त्या पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. "त्याचा चेहरा इतका शांत होता गं," एवढंच म्हणाल्या. उद्या काय करणार हे मी विचारलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी वाचनालयातल्या लांब टेबलाभोवती अकराजण बसले. मी मंडळात नाही, पण खुर्ची ओढून मागे बसले, मला कुणी हटकलं नाही. ड्रायव्हरसाहेब दाराजवळ उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुमच्यावर आरोप आहे, की बाईंना निवडून गोड काकडी दिलीत. तुम्हाला काही सांगायचंय?"

त्यांनी वन्संकडे एकदा बघितलं. मला वाटलं, काल मला सांगितलेलं सगळं ते आता सांगतील. ते म्हणाले, "नाही. बाईंनी लिहिलं ते बरोबरच असणार. माझंच काहीतरी चुकलं असेल."

वन्सं उठल्या. पर्समधून तो लांब दांड्याचा चमचा काढला आणि टेबलावर ठेवला.

"ह्यांचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "काकडी कडू होती, मला कळलं नाही. दोन महिने मला कसलीच चव लागत नाही. मी तुमच्यापासून लपवलं. पाणी कमी पडलंय हे ह्यांनी सांगितलं होतं, ते माझ्या वहीत आहे. पाणी तुटलं की काकडी कडवट होते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी गोड लिहिलं."

वन्सं बाहेर गेल्या, खडू घेतला आणि आम्ही सगळे खिडकीतून बघत असताना "सालासकट खा"च्या खाली लिहिलं: "दुरुस्ती. काकडी कडू होती. मी चव न कळता लिहिलं. चूक माझी, पिकवणाऱ्याची नाही. चमचाबाई." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. सायकलवाल्याने जाऊन फोटो काढला.

त्या आत आल्यावर ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, "मग पाचवा रकाना बंद करूया का?"

"बंद कशाला?" वन्सं म्हणाल्या. "हिची जीभ घ्या." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे पुस्तकांचं कपाट होतं.

"मी?"

"तेहतीस वर्षं हिच्या हातचं खातेय. मी रोज हिला मीठ कमी म्हणत आले." त्या माझ्याकडे न बघता टेबलाशी बोलत होत्या. "कमी कधीच नव्हतं. दिवसभर चारशे लोकांच्या पातेल्यांना नावं ठेवून घरी यायचे, तोंडाला तीच सवय लागली होती. हिला मीठ कळतं. माझ्यापेक्षा बरं कळतं."

लोकांना वाटलं असेल मी गहिवरले. मला राग आला होता. तेहतीस वर्षं, दिवसातून दोनदा, आणि हे सांगायला अकरा लोक जमवावे लागले. मी तिथेच रडले ते रागाने, आणि मग कशाने ते मलाही कळलं नाही. वन्संनी चमचा माझ्या हातात दिला. दांडा गरम होता, आत आल्यावर टेबलावरून उचलून त्यांनी तो इतका वेळ मुठीत धरला असावा.

त्यानंतर दहा दिवसांनी आम्ही डेपोमागे गेलो. वेल जागेवर होते. डेपोतल्या जुन्या सहकाऱ्यांनी टाकीपर्यंत नळाची नळी ओढून दिली होती. ड्रायव्हरसाहेबांनी काकडी कापून माझ्यापुढे धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वन्संनीही पाठ फिरवली. आता हाच नियम केलाय, चाखताना कुणी कुणाकडे बघायचं नाही.

"पहिल्या चाव्याला?" वन्संनी पाठमोऱ्याच विचारलं.

"पाणी. मग गोड."

"मागे काय राहिलं?"

"देठाकडे जरासं कडू. बोटभर कापून टाकलं तर काही नाही."

त्यांनी तसंच लिहून घेतलं, माझा एक शब्द न बदलता. मग उरलेली अर्धी काकडी स्वतः घेतली आणि सावकाश खाल्ली. "कुरकुरीत आहे," म्हणाल्या. "एवढं मला कळतं." ड्रायव्हरसाहेब भिंतीकडे बघतच म्हणाले, "तेही लिहा की." वन्संनी लिहिलं.

त्या संध्याकाळी मी वाढलं. वन्संनी पहिला घास घेतला आणि सवयीने माझ्याकडे मान वर केली. तोंड उघडलं, पण जुनं वाक्य आलं नाही आणि "छान झालंय"ही आलं नाही. घास तसाच धरून त्यांनी विचारलं, "मीठ कसं आहे गं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.